पुलावर भेटलेले दोन टेम्पो

ग्रामपंचायतीत निवडून येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. आमचं गाव दौंड तालुक्याच्या टोकाला, भीमेच्या काठावर. पूल ओलांडला की शिरूर तालुका. त्या उन्हाळ्यात गावात कुत्री फार वाढली. शाळेच्या वाटेवर पोरींना चावली, शेजारच्या आप्पांची शेळी फाडली. सभेत ठरलं की टेम्पो करायचा, कुत्री भरायची आणि पुलापलीकडं सोडून यायची.

मी उठून म्हणाले, "असं करता येत नाही. कायदा सांगतो, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचललं तिथंच आणून सोडायचं."

"मग कायद्याला म्हणावं, ये आन् माझ्या शेळ्या राख," आप्पा म्हणाले.

सगळे हसले. मलाही हसू आलं, कारण त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. नसबंदी करायची कुठं? गावात ना जनावरांचा डॉक्टर, ना तशी जागा.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो निघालाच. आप्पा पुढं ड्रायव्हरशेजारी बसलेले. मी स्कूटी काढली आणि मागं लागले. अडवायचं कसं, ते काही ठरवलं नव्हतं.

पुलाच्या मध्यावर आमचा टेम्पो थांबलेला दिसला. त्याच्या तोंडासमोर दुसरा टेम्पो उभा होता, शिरूरकडून आलेला. त्यालाही मागं जाळी, आणि जाळीआड कुत्री! दोन्हीकडून असं भुंकणं चाललं होतं की खाली नदीत कपडे धुणाऱ्या बायका वर बघायला लागल्या.

"कुठं निघालाव?" पलीकडच्या गावचे एक मामा खाली उतरून विचारत होते.

"तुमच्याकडंच," आप्पा म्हणाले.

"आन् आमी तुमच्याकडं!"

आप्पांनी त्यांच्या जाळीत डोकावून पाहिलं. "आरं, हे एका कानाचं आपलंच हाय की! गेल्या साली मीच सोडलं व्हतं तिकडं."

मामांना हसू फुटलं, आप्पांना फुटलं आणि सगळा पूल हसायला लागला. आत्ता बोलले नाही तर पुन्हा अशी वेळ यायची नाही, एवढंच कळत होतं. मी कठड्याजवळच्या उंचवट्यावर चढले.

"कायदा काय करायचं ते सांगतो, पण लहान गावानं ते कशाच्या बळावर करायचं, ते सांगत नाही. तेच बदलून मागू! प्रत्येक तालुक्यात कायमचं केंद्र, डॉक्टर आणि गाडी असलीच पाहिजे, असं कायद्यात लिहा म्हणून दोन्ही गावांनी एकच ठराव करायचा."

"मंजूर व्हईल का?" मामांनी विचारलं.

"मागितल्याबिगर कोन देतंय?" हे आप्पा बोलले! मला पुलावरच नाचावंसं वाटलं.

दोन्ही टेम्पो मागं वळले. ग्रामसभा दोन्ही गावांत एकाच दिवशी झाली. आमच्याकडं ठराव मी मांडला आणि अनुमोदन आप्पांनी दिलं. हात वर झाले तेव्हा मागच्या रांगेतल्या बायका उभ्या राहून हात दाखवत होत्या, मोजायचे राहायला नकोत म्हणून.

कायदा अजून बदललेला नाही. पण दोन तालुक्यांतून एकाच मजकुराचा ठराव आलेला पाहून पशुसंवर्धनचे अधिकारी चौकशीला आले. परवाना असलेली एक संस्था डॉक्टर घेऊन आली, आणि आमच्या बंद पडलेल्या गोदामात पहिलं शिबिर झालं. पलीकडच्या गावचीही कुत्री तिथंच आणली. टाके सुकले तशी ती आपापल्या गल्लीत परत सोडली.

काल शिक्रापूरकडच्या एका सदस्यबाईंचा फोन आला. "ताई, तो ठराव आम्हाला पण पाठवा ना." मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातानंच फोटो काढून पाठवला, आणि तव्यावरची भाकरी करपली तरी त्यांच्याशी बोलतच राहिले.