लाट मागून येते तेव्हा

आमचे हे बोटी बांधतात. घरी पाहुणा आला तरी आधी त्याच्या बोटीचं बूड कसं आहे ते विचारतील, मग पाणी. धाकट्या जावयाने सोळा फुटी, सपाट बुडाची बोट मागितली, तेव्हा आठवडाभर घरात धुसफूस चालली. "खाडीत ठीक आहे," हे म्हणत. "बाहेर लाट वाढली की सपाट बूड धाडधाड आपटतं. निमुळतं बूड लाट कापत जातं. आणि जरा लांब असू दे, बुटकी बोट प्रत्येक लाटेच्या खड्ड्यात पडते." जावयाला वेग हवा होता, पेट्रोल कमी जायला हवं होतं. लेकीने डोळ्यांत पाणी आणलं आणि हे विरघळले. बोट बांधून दिली, वर कानमंत्रही दिला: आपटायला लागली तर माणसं पुढे बसव, नाक दबून राहील.

त्या दुपारी वारा वाढला. जावई सहा प्रवासी घेऊन समोरच्या बेटावर गेलेला, लेकही बरोबर. फोन लागेना. यांच्या तर पायाला भिंगरी! धक्क्याच्या टोकापर्यंत जायचं, परत यायचं. "अहो, बसा ना घडीभर!" मी खेकसले. माझ्या तरी जिवाला कुठे चैन होती!

शेवटी बोट दिसली. सगळी माणसं पुढे दाटीवाटीने बसलेली. यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, जाताना लाट समोरून होती, आता मागून येतेय! मागची बाजू उचलली गेली की नाक पाण्यात घुसेल, बोट आडवी होऊन उलटेल!"

हे घसा फोडून ओरडले, पण वाऱ्यात काही ऐकू जाईना. मग साठीच्या या माणसाने काय करावं? धक्क्यावर फतकल मारली आणि हातवारे करत बसल्या बसल्या मागे सरकायला लागले. हमाल खो खो हसले. एकेकाच्या कानाखाली ठेवून द्यावीशी वाटली मला. पण लेकीने पाहिलं. तिने प्रवाशांना हाताला धरून एकेक करत मागे ओढलं. हळूहळू नाक वर आलं.

धक्क्याला लागताच एक प्रवासी जावयाच्या अंगावर धावून गेला. जावई पुटपुटला, "बाबांनीच तर..."

"त्याला बोलू नका," हे म्हणाले. "पुढे बसवायला मीच शिकवलं. मागे कधी बसवायचं ते सांगितलंच नाही. चूक माझी."

लग्नाला पस्तीस वर्षं झाली. हे दोन शब्द यांच्या तोंडून ऐकायला मी टपून बसले होते. ऐकले, आणि मलाच रडू फुटलं.