अंधार पाहणारा

आमच्या मालेगावच्या गोदामातून हळद परदेशी जाते. मी तिथं वजनकाट्यावर बसतो. जहाजावर चढायचा लोखंडी कंटेनर रिकामा आला, की एक हमाल आधी आत शिरतो आणि बाहेरून दरवाजे लावून घ्यायला सांगतो. आत भट्टीसारखं तापलेलं असतं, तरी हा गडी तिथं पोळ्याला बैलांपुढं म्हणतात त्या झडत्या मोठमोठ्यानं म्हणतो. आवाज थांबला, की आम्ही समजतो, पत्र्याला भोक सापडलं.

एकदा हौसेनं मीही त्याच्यासोबत आत गेलो. दरवाजे लागले.

"डोये ताणू नका भाऊ. उजेड असला तं तोच तुमाले शोधत येते," तो म्हणाला, आणि झडती सुरू झाली. मध्येच तो गप्प झाला. छताच्या कोपऱ्यात खरंच एक चांदणी लुकलुकत होती.

बाहेर सेठजींनी कपाळाला हात लावला. दुसरा कंटेनर येईपर्यंत ठरलेलं जहाज निघून जाणार होतं.

गमछ्यानं घाम पुसत हमाल हसला. "सेठजी, जिथून ऊन येते, तिथून समुद्र बी येते. जहाज दुसरं भेटते. भिजली हळद कोन घेते?"

सेठजींनी कुरकुरतच सगळ्यांना चहा सांगितला.

पुढच्या कंटेनरमध्ये झडत्या शेवटपर्यंत चालल्या. दरवाजे उघडले, तेव्हा तो घामानं निथळत, लग्नातून आल्यासारखा खुशीत उभा होता.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"काहीच नाई भाऊ! गच्च अंधार!"

अंधाराची बातमी इतक्या आनंदानं सांगणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.