अकरा टोप्या आणि एक किटली

मावशींबरोबर सिनेमा बघता येत नाही. पडद्यावर कुणी सरदार घोडा दौडवत येतो, सगळे श्वास रोखतात आणि मावशी म्हणतात, "ही टोपी जन्माला यायला अजून शंभर वर्षं आहेत." मोठ्याने. त्यांचा भाचा आता त्यांना नेत नाही. त्यांचे यजमान म्हणतात, "आमच्या घरात कुणाच्या डोक्यावर काही नसतं, म्हणून संसार टिकला."

मावशी माझ्या कुणी लागत नाहीत. एका नाटक मंडळीच्या कपडेपटात त्या एकतीस वर्षं टोप्या करतात. आल्या होत्या बटणं शिवायला. जुन्या टोपीवाल्याने एक दिवस हातात ठोकळा दिला, तो सुटलाच नाही. मी साहित्यात एम.ए. केलं आणि नाटकाची माहितीपुस्तिका लिहायला तिथे गेले. त्या मला पंडितबाई म्हणतात. कौतुकाने नाही.

त्यांची खोली जिन्याखाली आहे. फळ्यांवर डोक्याएवढे लाकडी ठोकळे, प्रत्येकावर खडूने माप. दाबलेल्या लोकरीचा, म्हणजे फेल्टचा, शंकू किटलीच्या वाफेवर मऊ करायचा, ठोकळ्यावर ओढायचा, सुतळीने आवळायचा, लाखेचं पाणी लावून कडक करायचा. उंच निमुळती टोपी, तीनकोनी टोपी, नंतरची धुराड्यासारखी टोपी, सगळ्या याच शंकूतून निघतात. "कड किती आणि कुठे वळली, त्यावरून साल कळतं," मावशी म्हणतात.

या विलायती कथेच्या नाटकासाठी दिग्दर्शकाने अकरा तीनकोनी टोप्या सांगितल्या. चित्र काढून, खाली सही करून. मावशींनी संहितेतलं साल बघितलं आणि कपाळावर हात मारला. त्या काळी कड रुंद आणि सपाट असे. पुढे पुरुष केसांचे मोठाले टोप घालू लागले, मग ती तीन बाजूंनी वर गेली. मध्ये निदान पन्नास वर्षं.

"तीन कोन दिसले की लोकांना जुना काळ कळतो," दिग्दर्शक म्हणाला.

"मग कोटावर पाटी लावा. जुना काळ."

तीन महिने हेच चाललं. पालथ्या घड्यावर पाणी. मावशी पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होत्या. "जाता जाता एक नाटक तरी बरोबर टोप्यांनी उभं राहू दे," एवढंच त्यांचं मागणं होतं. ते मिळेना. तरी टोप्या त्यांनी चित्राबरहुकूम केल्या, आणि अगदी चोख. माझाच जीव वर-खाली व्हायचा.

"चुकीचं आहे तर इतकं मन लावून कशाला करता?"

"चुकीचं काम वाईट केलं तर लोक म्हणतात, हात चुकला."

त्या कडा वळवून चिमटे लावतात, चार दिवस तशाच ठेवतात आणि मगच टाके घालतात. रंगीत तालमीच्या सकाळी त्यांनी चिमटे काढले. "आल्यावर टाके," म्हणाल्या आणि चहाला गेल्या. मला टोप्यांवर खडूची पूड दिसली. मदत करावीशी वाटली. किटली उकळत होती. एकेक टोपी वाफेवर धरली, फडक्याने पुसली, मागच्या टेबलावर ठेवली. शेवटची ठेवायला वळले. टेबलावर दहा गोल, सपाट कडांच्या टोप्या होत्या. माझ्या हातातली अकरावी होत होती.

मावशी दारात उभ्या होत्या.

"फेल्टला वाफ दाखवली की शिकवलेलं सगळं विसरतं, पंडितबाई. तुझं परीक्षेनंतर होतं ना, तसं."

"पण मावशी, तुम्हाला गोलच हव्या होत्या!"

मावशींनी खुर्ची ओढली आणि कडा पुन्हा वळवायला लागल्या. मी बघत राहिले. तीन टोप्या झाल्या, तेवढ्यात दिग्दर्शक आला. बरोबर बापाचं काम करणारा नट. नटाने जवळची गोल टोपी उचलून घातली. त्याचा चेहरा नाकापर्यंत सावलीत गेला.

दिग्दर्शक थबकला. "ही बरी दिसते. कुणाची कल्पना?"

"कल्पना नाही, अपघात," मावशी म्हणाल्या. "तासाभरात तीनकोनी मिळतील, आजच्यापुरत्या."

"अहो, राहू द्या गोल!"

"चित्रावर तुमची सही आहे, साहेब."

मी डोकं धरलं. "मावशी, ते हो म्हणतायत!"

"बरी दिसते म्हणतायत. उद्या दिसणार नाही." त्यांनी संहिता उघडून दिग्दर्शकाच्या हातात कोंबली. "दुसरा अंक. वाचा. मोठ्याने."

तो चिडून वाचायला लागला. बाप वीस वर्षांनी घरी येतो. लेक दार उघडते. ओळखत नाही.

"दोन हातांच्या अंतरावर बाप उभा," मावशी म्हणाल्या. "तीन कोनांखाली चेहरा उघडा. लेक आंधळी आहे का?"

नट हळूच दिग्दर्शकाला म्हणाला, "म्हणूनच मी तिथे मान खाली घालायचो. तुम्ही ओरडायचात."

त्या प्रवेशावर मी पुस्तिकेत चार पानं लिहिली होती. स्मृती, उंबरठा, अपराध. टोपी कुठेच नव्हती.

"हे आधी का नाही सांगितलंत?" दिग्दर्शक म्हणाला.

"दर आठवड्याला सांगितलं. तुम्ही घड्याळ बघत होतात."

त्याने चित्रावर काट मारली, शेजारी गोल टोपी काढली, सही केली. मावशींनी कागद निरखला.

"तारीख."

त्याने तारीख घातली. मगच त्यांनी वळवलेल्या तीन टोप्या परत वाफेवर धरल्या. मी हात पुढे केला. "लांब," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी तालमीला आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. दुसऱ्या अंकात बाप दारात उभा राहिला, मागे रस्त्यावर बाकीच्या दहा टोप्या. लेकीने त्याला पाणी विचारलं, अनोळखी माणसाला विचारतात तसं. प्रेक्षागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मला वाटलं, मावशींचे डोळे भरले असतील. मी वळून बघितलं.

त्या माझ्या कानाशी वाकल्या. "डावीकडून तिसरा. कड लोंबतेय बघ. तुझी वाफ."