टाकीत नुसतं पाणी होतं

आवाज झाला तेव्हा मी दुकानामागच्या नळावर हात धूत होतो. गॅसचं सिलिंडर फुटलं असंच वाटलं. वरचे टिनाचे पत्रे थरथरले. शेजारच्या वेल्डिंगवाल्याच्या दुकानातून कोणीतरी ओरडलं. मी तसाच ओल्या हातांनी पुढे धावलो.

नामदेवराव जमिनीवर बसले होते, पाय लांब पसरून, भिंतीला टेकून. तोंडावर काळं-तपकिरी पाणी. पांढऱ्या मिशीची एक बाजू जळालेली. चष्मा नाकावर होता, पण काचा गढूळ पाण्यानं माखलेल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि फार मोठ्यानं विचारलं, "काय झालं गा, मिस्त्री?"

उजव्या हातात बिडी होती. विझलेली.

नंदनवनमध्ये माझं जुन्या मोटरसायकली दुरुस्त करायचं दुकान आहे. त्याआधी अठरा वर्षं मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला होतो. तिथं दर सोमवारी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी कामगारांना सेफ्टीबद्दल पाच मिनिटं सांगावं लागायचं, आणि ते सांगायचो मी. हे मुद्दाम लिहितो आहे. पुढचं वाचताना ते लक्षात असलेलं बरं.

नामदेवराव उमरेडचे, कोष्टी घरातले. घरी हातमाग होते तेव्हा विणलेल्या लुगड्यांचे गठ्ठे ते माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या याच मोटरसायकलवर बांधून नागपूरला आणायचे. पुढे माग बंद झाले, पण गाडी त्यांनी विकली नाही. घराच्या मागच्या सोप्यात ती बारा-तेरा वर्षं उभी होती. वय आता शहात्तर. मुलगी वर्षाताई इथं एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. तीच वडिलांना आणि गाडीला घेऊन माझ्याकडे आली.

"बाबांना एकदा ही गाडी चालवत उमरेडला जायचं आहे," ती म्हणाली. "मी मागं बसणार. होईल का भाऊ?"

इंजिन ठीक निघालं. खराब होती ती पेट्रोलची टाकी. टाकी बरीच वर्षं रिकामी राहिली की आतल्या ओलीनं गंज धरतो. वरून चकचकीत दिसते, आत मात्र पापुद्रे सुटलेले असतात. ते पेट्रोलबरोबर खाली कार्बोरेटरमध्ये जातात. तिथं जेट नावाचा सुईच्या टोकाएवढ्या भोकाचा भाग असतो. तो तुंबला की गाडी भर रस्त्यात बंद. म्हणून आधी टाकी आतून साफ करावी लागते.

नट आणि साखळीचे तुकडे आत टाकून टाकी हलवत बसायचं, हा एक मार्ग. दुसरा ॲसिडचा. ही टाकी जुनी होती, पत्रा पातळ झाला होता. ॲसिडनं गंजाबरोबर पत्राही खाल्ला असता. त्यात नामदेवरावांची एकच अट होती.

"वरचा रंग नको काढू. त्या सोनेरी रेघा हातानं मारल्या आहेत. आता तसं कोणाले येत नाही."

म्हणून मी करंट देऊन गंज काढायचं ठरवलं. टाकीत पाणी भरायचं, त्यात धुण्याचा सोडा विरघळवायचा. तोंडातून एक लोखंडी सळई पाण्यात सोडायची, ती टाकीला कुठं टेकू द्यायची नाही. बॅटरी चार्जरचा पॉझिटिव्ह सळईला, निगेटिव्ह टाकीला. गंज हळूहळू भुसभुशीत होऊन सुटतो. पत्र्याला काही होत नाही. ही पद्धत मी कितीतरी टाक्यांवर वापरलेली आहे.

करंट सुरू झाला की पाण्यात बुडबुडे येतात. टाकीच्या आतल्या बाजूला निघतो तो हायड्रोजन, सळईपाशी ऑक्सिजन. दोन्ही एकत्र साठले तर एका ठिणगीनं स्फोट होतो, हे मला माहीत होतं. म्हणूनच टाकीचं तोंड मी नेहमी उघडं ठेवतो आणि सळई आडव्या लाकडी पट्टीला टांगतो. गॅस वर येतो, निघून जातो.

या वेळी तसं केलं नाही. बुडबुड्यांबरोबर उडणारे सोड्याचे थेंब त्या सोनेरी रेघांवर पडत होते. रंग खराब होईल म्हणून मी एक रबरी बूच कापलं, मधून सळई घातली आणि ते तोंडात घट्ट बसवलं. वर कापड गुंडाळलं. तेव्हा स्वतःच्या हुशारीवर खूशच झालो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकावर थोडी ओल दिसली. टाकीच्या शिवणीतून पाणी झिरपत होतं. दोन पत्रे जिथं जोडलेले असतात ती शिवण. म्हणजे आतलं पाणी उतरलं होतं आणि वरची जागा रिकामी झाली होती. त्या जागेत काय साठत असेल, हा विचार तेव्हाच यायला हवा होता. मी बाकावरची ओल फडक्यानं पुसली.

दहाच्या सुमारास वर्षाताई वडिलांना सोडायला आली. कॉलेजला जायची घाई होती, तरी बाकापाशी उभी राहून तिनं सगळं बघितलं. चार्जर, वायर, बूच.

"अरे वा, आमची लॅबच झाली की इथं," असं म्हणून ती गेली.

नामदेवराव स्टूल ओढून टाकीजवळ बसले. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग त्यांनी खिशातून बिडीचं बंडल काढलं.

"मिस्त्री, बिडी पेटवली त चालते का गा इथं?"

"चालते न काकाजी," मी म्हणालो. "पेट्रोलचा एक थेंब नाही राहिला त्याच्यात. तीनदा धुतली मी टाकी. नुसतं पाणी आहे."

हे मी म्हणालो. माझ्याच तोंडानं. मग चार्जर बंद केला, वायरींचे चिमटे काढले आणि बूच काढायच्या आधी हात धुवायला मागं गेलो.

त्यांनी काय केलं ते त्यांनीच नंतर सांगितलं. गंज निघाला का बघावं म्हणून त्यांनी बूच सळईसकट उपसून बाजूला ठेवलं. आत अंधार होता, काही दिसेना. काडी ओढून आधी बिडी पेटवली, आणि काडी विझायच्या आत तीच टाकीच्या तोंडाशी धरून आत वाकले.

मी त्यांना उचलून नळापाशी नेलं. तोटी पूर्ण उघडली. सोड्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर डोळा जातो, एवढं डोक्यात होतं.

"डोळे उघडा काकाजी. उघडे ठेवा."

"आँ?"

"डोळे उघडे ठेवा!"

"मले आयकू नाही येऊन राहिलं गा," ते म्हणाले. त्यांच्या डाव्या कानातून रक्ताचा बारीक ओघळ येत होता.

वीस मिनिटं त्यांच्या डोळ्यांवर पाणी धरलं. वेल्डिंगवाल्यानं ऑटो आणला. दवाखान्यात पोचेपर्यंत मी त्यांचा हात सोडला नाही. ते मात्र शांत होते. मधेच मोठ्यानं म्हणाले, "रेघा त नाही ना गेल्या?"

डॉक्टर म्हणाले, चष्म्यामुळं डोळे वाचले. भुवया आणि मिशी परत येतील. डाव्या कानाचा पडदा फाटला आहे. भरून येईल बहुतेक, पण पूर्वीसारखं ऐकू येईलच असं सांगता येत नाही.

वर्षाताई कॉलेजातून तशीच आली. हाताला खडू लागलेला होता. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शिवी देईल, पोलिसांत जाईल, काहीही म्हणेल, अशी मनाची तयारी केली होती. तिनं फक्त विचारलं, "निगेटिव्हला काय निघतं, माहीत होतं ना भाऊ तुम्हाला?"

"माहीत होतं."

ती पलंगाशेजारच्या बाकावर बसली.

"मलाही माहीत होतं," ती म्हणाली. "दरवर्षी मुलांना करून दाखवते. जळती काडी परीक्षानळीच्या तोंडाशी नेली की पॉप असा आवाज येतो. मुलं हसतात. आज सकाळी मी त्या टाकीसमोर उभी होते. बूच घट्ट बसवलेलं बघितलं. बाबांच्या खिशात बिड्या असतात, हेही माहीत होतं. आणि मी लॅब म्हणून हसले."

आणि ती रडायला लागली. पलंगावरून नामदेवराव ओरडले, "रडून काहून राहिली वं? मी जित्ता आहो न!"

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मिस्त्री, तू खोटं नाही बोलला गा. पेट्रोल नव्हतंच."

त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं असेल. मला ते थपडेसारखं लागलं.

पुढचे आठ-दहा दिवस मी दुकान उघडलं, पण काम केलं नाही. स्टार्टरचा आवाज झाला तरी दचकायचो. टाकी तशीच बाकावर होती. तळाची शिवण वीतभर उसवली होती. वरचा रंग शाबूत. आत टॉर्च टाकून बघितलं तर पत्रा स्वच्छ, करडा, गंजाचा मागमूस नाही. इतकी चांगली साफ झालेली टाकी मी आजवर बघितली नव्हती आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं.

मी वर्षाताईला म्हणालो, गाडी दुसऱ्या कोणाकडे न्या. नामदेवरावांनी ऐकलं नाही. "ज्यानं फोडली त्यानंच जोडावी," एवढंच कळवलं.

शिवण मी वेल्डिंगवाल्याकडून पितळेनं जोडून घेतली. त्याआधी टाकी गरम पाण्यानं पाच वेळा धुतली आणि दोन दिवस उन्हात उघडी ठेवली. वेल्डिंगवाला म्हणाला, "आता कशाले घाबरता, त्याच्यात काही नाही आहे." त्याच्या समोर टाकी अजून एकदा धुतली.

दोन महिन्यांनी गाडी सुरू झाली. नामदेवराव उजवा कान पुढे करून, मान वाकडी करून इंजिन ऐकत उभे राहिले. डाव्या कानानं आता कमीच ऐकू येतं. पडदा भरला, पण ऐकू येणं पूर्ण परत आलं नाही. डॉक्टरांनी रस्त्यावर गाडी चालवायला मनाई केली. मग वर्षाताईनं चालवायला शिकून घेतली. उमरेडला ती चालवत गेली आणि ते मागं बसले. मी माझ्या गाडीवर त्यांच्या पाठोपाठ पार गावापर्यंत गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं.

दुकानात आता बिडी-सिगरेट बंद आहे. तो बदल किरकोळ. खरा बदल माझ्या बोलण्यात झाला आहे. बाकावर टाकी, बॅटरी, डबा, काहीही असो, गिऱ्हाइकानं विचारलं की त्यात काय नाही ते मी सांगत नाही. काय आहे ते सांगतो. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणतो, आणि त्याला लांब उभं करतो.