हेझल प्रुइट किती जणी?

दुपारी जेवून आडवं होणं ही कला आहे, असं ओजस खांबेटे मानतो, आणि सध्या तो रियाजाला बसलाय. म्हणजे पडलाय. छातीवर सांगलीच्या फिल्म क्लबच्या पुस्तिकेचं प्रूफ. पाचला ते छापायला जायचंय. त्यात हेझल प्रुइट या अमेरिकन नटीवर त्याने दोन परिच्छेद लिहिलेत. तिने त्रेचाळीस सिनेमे केले; एकातही तिच्या पात्राला नाव नाही. शेजारीण. नर्स. दुसरी मोलकरीण.

संपादक कुमुदताईंचा नियम असा, की नायिकेला ‘त्या’, बाकीच्यांना ‘ती’. “मोलकरणीला अहोजाहो केलं तर नायिकेला काय उरलं?” ओजसने मान डोलावली. मान डोलावण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

पंखा घरघरतो, मग प्रोजेक्टरसारखा घरघरतो, आणि दारात हेझल प्रुइट उभी आहे. हातात ट्रे. ती काळी-पांढरी, ओजसची चादर मात्र निळीच.

“चहा कुठं ठेवू?” अगदी सांगलीचा हेल.

“तुम्हाला मराठी येतं?”

“ज्या घरात काम करायचं, तिथलं यायलाच लागतं की. माझ्यावर लिहिलंयस म्हणं. वाच बघू.”

ओजस वाचतो. “ती नेब्रास्कात जन्मली. ती पडद्यावर फार वेळ नसायची, पण ती आली की दृश्यात वारं खेळायचं.”

पलंगाला चाकं आहेत. ती आता नर्सची टोपी घालून त्याची चादर खोचतेय.

“छान आहे. माझ्यावर कुणी लिहिलेलं हे पहिलंच. मी मेल्याच्या बातमीत फोटोसुद्धा दुसरीचा होता.”

“सॉरी, बाई.”

“तोंडावर ‘तुम्ही’ नि कागदावर ‘ती’. असं का रे?”

तो नियम सांगतो. सांगता सांगता तो नियम भातातल्या खड्यासारखा दाताखाली येतो.

“मानाचं सोड. मला व्याकरण सांग. ‘ती’ म्हणजे किती जणी?”

“एक.”

“आणि ‘त्या’?”

“मानाने म्हटलं तर एक. नाहीतर पुष्कळ.”

“मग बघ.”

चाकं थांबतात ती एसटी स्टँडवर. बाकावर ओळीने बायका बसल्यात आणि सगळ्यांना हेझलचाच चेहरा आहे.

“नर्सला मी दारुडा नवरा दिला. मोलकरणीचा डावा बूट चावतो. ती कडेची चर्चमध्ये नुसती खोकते. तिचं पोर गेलंय. रडली असती तर शॉट कापला असता, म्हणून खोकते. दिग्दर्शकाला यातलं काही सांगितलं नाही. विचारलंच नाही कुणी. आणि तू एकटीवरच लिहिलंस. ह्यांनी कुठं जायचं?”

  ओजस विचारतो, “पहिली मोलकरीण कोण होती?”

“होती एक. तिला डायलॉग होता.”

बाकावरच्या सगळ्या हसतात. “सरका गं जरा,” म्हणून हेझल त्यांच्यात बसते. आता तिला वेगळं ओळखता येत नाही.

चार वाजलेत. ओजस उठतो आणि कुमुदताईंना फोन लावतो.

“ताई, प्रुइटला ‘त्या’ करतोय.”

“नियम ठाऊक आहे ना?”

“मानाचं नाही हो. अनेकवचन आहे.”

“किती जणी?”

“त्रेचाळीस.”

 कुमुदताई म्हणतात, “क्रियापदं नीट बघ. ‘जन्मल्या’ होईल.”

तो पेन उघडून प्रूफ हातात घेतो. त्यात दुरुस्त्या आधीच झाल्यात. पेन्सिलीने, अक्षराचं चित्र काढावं तशा जपून. त्या जन्मल्या. त्या आल्या. शिरोरेघ तेवढी सगळीकडे अक्षरांच्या खाली ओढलीय.

शेवटच्या ओळीला मात्र हात लावलेला नाही. ‘१९७१ साली ती वारली.’ तिथे एकच.