कॉव्हेंट्रीचे मेंढपाळ मामा

इथे येऊन इंग्रज झालेले मराठी लोक मी ढिगाने पाहिले, पण थेट दीडशे वर्षांपूर्वीचा इंग्रज, आणि त्यातही मेंढपाळ झालेला माणूस अख्ख्या ब्रिटनमध्ये एकच: माझ्या बायकोचे मामा. मामा कॉव्हेंट्रीतले रिटायर्ड भूलतज्ज्ञ. तीस वर्षं पेशंटना आकडे मोजायला लावून झोपवलं आणि रिटायर झाल्यावर स्वतः मेंढ्या मोजायला लागले. गावाबाहेर जुन्या काळचं शेत जपून ठेवलेलं एक म्युझियम होतं, तिथल्या मेंढ्या मामांकडे. रविवारी तिथे हौशी लोक जुने कपडे घालून लोहार नि गवळणी व्हायचे आणि चार वाजता आपापल्या गाडीत बसून घरी जायचे. मामांचं तसं नव्हतं. ते घरीसुद्धा मेंढपाळच असायचे.

गुडघ्यापर्यंत जाड सुती झगा, डोक्याला हॅट, हातात आकड्याची काठी, अशा थाटात ते सुपरमार्केटमध्ये कोथिंबीर आणायला जात. दुपारी जेवायला पाव, चीज आणि कच्चा कांदा. मामींच्या भरल्या वांग्यांकडे चोरून बघत म्हणायचे, "तेव्हाच्या मेंढपाळाला हे कुठलं मिळायला?" आणि रात्री तीच वांगी दोनदा वाढून घ्यायचे. घड्याळ काढून ठेवलेलं. वेळ सूर्यावरून सांगायची. आता कॉव्हेंट्रीत सूर्य! त्यामुळे मामा सगळीकडे दोन तास उशिरा. लोकांच्या गाडीत नुकते रस्ता दाखवणारे सॅटनॅव येत होते, तेव्हा मामा मेंढ्यांची तोंडं कुठे आहेत ते बघून रस्ता सांगत. त्या भरवशावर मी एकदा हॅरोला जायला निघालो आणि एका डुकरांच्या फार्मवर पोहोचलो.

मामी हे सगळं सोसत होत्या, पण रविवार काही त्यांना सोसवेना. आमच्या मराठी मंडळाचे सगळे कार्यक्रम रविवारी, आणि मामा कधीच नसायचे. "तुमचे मिस्टर आहेत ना हो अजून?" असं एका बाईंनी त्यांना विचारलं होतं. मग मामी मंडळाच्या अध्यक्षा झाल्या. गणपतीच्या पूजेला जोडीने बसायचा मान त्यांचा. त्यांनी मामांचं सोवळं काढून ठेवलं आणि बजावलं, "अहो, अकरा वाजता. सूर्य असो वा नसो." मामांनी शब्द दिला आणि मेंढ्यांना फक्त एकदा बघून येतो म्हणून गेले.

साडेअकरापर्यंत वाट पाहून गुरुजींनी मामांच्या पाटावर सुपारी ठेवली आणि मामी सुपारीशेजारी बसल्या. आरती संपता संपता मामा आले. झगा चिखलाने माखलेला, आणि वास असा की प्रसादाची रांग दोन फूट मागे सरकली. एक म्हातारी मेंढी पाठीवर उलटी पडली होती. तशी पडली की तिला आपलं आपण उठता येत नाही, पोट फुगून मरते. मामांनी तिला उभी केली, पण तिचे पाय लटपटत होते, म्हणून दीड तास तिला गुडघ्यांत धरून थांबले.

"अहो मामा, एक फोन तरी करायचा," मी वैतागून म्हणालो.

"तेव्हा फोन कुठे होते?" मामा म्हणाले. मग मान खाली घालून मामींना म्हणाले, "अगं, पेशंट पुरता शुद्धीवर आल्याशिवाय मी कधी जागा सोडली आहे का?"

मामींनी आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी आम्ही जेवायला गेलो, तेव्हा मामा मलाच सांगत असल्यासारखं दाखवत म्हणाले, "जावईबापू, जुन्या मेंढपाळाला पुरताना त्याच्या हातात लोकरीचा पुंजका देत. म्हणजे देवाला कळावं, हा दर रविवारी चर्चला का नव्हता."

"तुमच्या हातात मी कांदा देईन," मामी म्हणाल्या. पण बोलल्या एकदाच्या. मामांनी त्या दिवशी दुपारीच वांगी खाल्ली.

मामांना जाऊनही आता बरेच दिवस झाले. क्रेमेटोरियमला आम्ही अगदी दिलेल्या वेळेवर पोहोचलो. "पहिल्यांदाच वेळेवर आलात हो," मामी त्यांना म्हणाल्या आणि पर्समधून लोकरीचा पुंजका काढला. सकाळी टॅक्सी करून एकट्याच शेतावर जाऊन आल्या होत्या, आम्हाला पत्ताही नव्हता. मामांच्या हातात लोकर राहीना, तेव्हा मामींनी आपला हात वर ठेवून ती धरली.

"बाप्पांनी पूजेचं विचारलं तर दाखवा," त्या म्हणाल्या. "आणि सांगा, बायको कधीच रागावलेली नव्हती."