चंदनाचा भरलेला क्लास

चंदना मगदूमला खोटं बोलता येत नाही, असं तिच्या माहेरी अजून सांगतात. सांगायला काय जातंय! सांगलीत हरिपूर रोडवरल्या घराच्या माडीवर तिनं योगाचा क्लास काढला, आणि तो सुरू व्हायच्या आधीच एक खोटं बोलून मोकळी झाली.

शाळेतली नोकरी सुटल्यापासून दोन वर्षं ती घरात बसून होती. मिरजेला सहा महिने जाऊन योग शिकली, परीक्षा दिली, बारा चटया आणल्या. पत्रकं छापून बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, स्वतः वाटली. बायका म्हणाल्या, "येतो की गं!" शेजारच्या पद्मावतीकाकूंनी तर पुढची चटई आपली म्हणून सांगून टाकलं. हा क्लास बुडाला असता तर दुसरं काही काढायची हिंमत चंदनात उरली नसती.

चटयांच्या खोळी शिवायला घेतल्या मागच्या गल्लीतल्या अख्तरबींनी. लग्नानंतरचा पहिला ब्लाउज त्यांनी शिवला, तेव्हापासून चंदना त्यांना चाची म्हणायची. चाळीस वर्षं मशिनवर वाकून चाचींची कंबर धरली होती आणि डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. चटईचं माप घेता घेता त्या म्हणाल्या, "मी बी येनार हाय हं तुज्या क्लासला. लय दुखतीया कंबर."

चंदनाच्या डोळ्यांसमोर पद्मावतीकाकू आल्या. मटण शिजणाऱ्या घरातली बाई शेजारच्या चटईवर बसली, तर काकू काय म्हणतील? काकू काही म्हणाल्या नव्हत्या. कुणीच काही म्हणालं नव्हतं. सगळं हिनंच मनात रचलं आणि बोलून गेली, "चाची, जागा सगळ्या भरल्या ओ. पुढच्या वेळी बघू."

चाचींनी टेप गळ्यात अडकवला. "व्हय? बरं झालं की! पोरीचं चांगलं चाललंय म्हनायचं," म्हणाल्या, आणि मनापासून हसल्या. चंदनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगायला तोंड उघडेना. पुढचे आठ दिवस ती मागच्या गल्लीतून जायचं टाळत राहिली. चोराच्या मनात चांदणं. चाचींनी दहा खोळी घरी पाठवून दिल्या, दोन राहिल्या होत्या.

क्लासची वेळ संध्याकाळी सहाची ठेवली होती, आणि चालू होता चातुर्मास. या दिवसांत जैनांच्या घरी सूर्य मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकायची असतात, म्हणजे सहाला बाईचा हात तव्यावर. हे काय कुणी शिकवायला हवं? पण चंदनाच्या घरचा स्वयंपाक सासूबाईंकडे, आणि हिचं सगळं लक्ष पुस्तकात. अक्कल गेली होती चरायला. बायकांनी घरी जाऊन पत्रकावरची वेळ वाचली, आणि भिडेपोटी कुणी काही बोललं नाही.

पहिल्या दिवशी साडेसहा झाले. चटया अंथरलेल्या, उदबत्ती लावलेली, आणि माणसाचा पत्ता नाही. शेवटी पद्मावतीकाकूंचा फोन आला. "आगं, ही काय येळ हाय व्हय? आमी पोरास्नी जेवायला वाढू का पाय वर करू?"

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. कमरेवर हात ठेवून, एकेक पायरी थांबत, अख्तरचाची वर आल्या. राहिलेल्या दोन खोळी द्यायला. दारातच त्या थबकल्या आणि रिकाम्या चटयांकडे बघत राहिल्या.

धरणीनं पोटात घ्यावं असं चंदनाला झालं. आज सगळ्यांना अडचण आली, असं दुसरं खोटं जिभेवर आलंसुद्धा होतं. ते तिनं गिळलं. "जागा भरल्या नव्हत्या, चाची. तुम्ही आलात तर बाकीच्या येणार नाहीत, असं मला वाटलं. म्हणून खोटं बोलले."

चाची रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी चपला काढल्या आणि अगदी शेवटच्या, दाराजवळच्या चटईवर भिंतीला धरत हळूहळू बसल्या.

"सांग, काय करायचं त्ये," त्या म्हणाल्या. "बाकीच्या आल्या, की मी उठून जाईन."

चंदनानं मान खाली घालून त्यांना डोळे मिटायला सांगितलं, कारण त्या डोळ्यांसमोर तिला उभं राहवत नव्हतं.